आयएसडीएन मोडेम लावायचाय? खोका बाजूला ठेवा, आधी वही काढा

नवीन मोडेम हातात आला की आपण काय करतो, खोका फोडतो, वायरी लावतो, सॉफ्टवेअर टाकतो आणि नेक्स्ट नेक्स्ट करत सुटतो. साध्या मोडेमला हे चालून जायचं, कारण साध्या फोन लाइनला विचारण्यासारखं काही नसतंच, डायल टोन आला की झालं. आयएसडीएन म्हणजे फोन कंपनीची डिजिटल लाइन, तिला असं चालत नाही. तिसऱ्या-चौथ्या स्क्रीनवर मोडेम विचारतो स्विच टाइप कोणता, स्पिड सांगा (हा वेग नव्हे, उपकरणाचा ओळख-आकडा), डिरेक्टरी नंबर म्हणजे लाइनचा फोन नंबर सांगा, आणि माणूस तिथेच अडकतो, मग अंदाजपंचे काहीतरी भरतो आणि पुढचे दोन दिवस मोडेमला शिव्या घालतो. मी पण घातल्यात. मोडेम बिचारा बहुतेक वेळा धडधाकट असतो, आपण त्याला दिलेली माहिती चुकलेली असते.

म्हणून हा लेख मोडेमबद्दल कमी आणि लाइनबद्दल जास्त आहे. मोडेम जोडायला अर्धा तास लागतो, लाइनची माहिती गोळा करायला एक-दोन दिवस लागू शकतात कारण ती तुमच्याकडे नसतेच, फोन कंपनीकडे असते. ती आधी मिळवा.

एवढी चौकशी का करतात ते थोडक्यात सांगतो. घरगुती किंवा छोट्या ऑफिसच्या आयएसडीएन लाइनला बेसिक रेट म्हणतात, तिच्यात ६४ केबीपीएसचे दोन बी चॅनेल असतात आणि १६ केबीपीएसचा एक डी चॅनेल. बी चॅनेलवरून तुमचा आवाज किंवा डेटा जातो. डी चॅनेलवर तुमचा मोडेम आणि एक्स्चेंज एकमेकांशी बोलत असतात, की बाबा मी अमुक नंबरवाला, मला तमुक नंबर लावायचाय, डेटा कॉल आहे वगैरे. आता हे बोलणं दोघांच्या एकाच बोलीत व्हायला हवं ना, एक कोकणीत आणि दुसरा वऱ्हाडीत बोलायला लागला तर काम अडणारच. ती बोली कोणती, म्हणजेच स्विच टाइप, आणि मोडेमने स्वतःची ओळख काय सांगायची, एवढंच आपल्याला शोधायचंय. बाय द वे ह्या डब्यात मॉड्युलेशन वगैरे काही होतच नाही, लाइन आधीपासूनच डिजिटल आहे, त्यामुळे फोन कंपनीतली माणसं त्याला मोडेम न म्हणता टर्मिनल अडॅप्टर किंवा नुसतं टीए म्हणतात. त्यांनी टीए म्हटलं तर गोंधळू नका, तुमचाच डबा.

सगळ्यात आधी: लाइन खरंच आहे का आणि किती दिवस राहणार

आज आयएसडीएनच्या वाटेला जाणारी मंडळी म्हणजे रेडिओवाले ज्यांचा कोडेक, म्हणजे आवाज डिजिटल करून पाठवणारा डबा, अजून त्याच लाइनवर चालतो, जुना पीबीएक्स म्हणजे ऑफिसचं अंतर्गत फोन एक्स्चेंज सांभाळणारे, अलार्म नाहीतर बॅकअप लाइन ठेवणारे, आणि जुन्या मशीनचा नाद असलेले. तुम्ही यातले कोणीही असा, पहिला प्रश्न हाच विचारा की ही सेवा चालू आहे का आणि कधी बंद होणार आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नवीन आयएसडीएन लाइन देणंच थांबलंय आणि जुन्या बंद करायची मुदत जानेवारी २०२७ ठेवलीय. जपानमध्ये आयएसडीएनवरचा डिजिटल डेटा मोड २०२४ मध्ये संपवायला घेतला. दुसरी एक शक्यता, तुमची लाइन कधीच आयपीवर गेलेली असेल आणि भिंतीवरच्या राउटरच्या मागचा एस-झिरो नावाचा आयएसडीएन पोर्ट तुम्हाला खोटीखोटी आयएसडीएन देत असेल. तसं असेल तर कंपनीला फोन करून फार उपयोग नाही, नंबर आणि सेटिंग त्या राउटरच्याच पेजवर सापडतील. आणि आवाज चालला म्हणून डेटा कॉल चालेल असं अशा पोर्टवर धरून चालू नका.

भिंतीकडे बघा, मग डब्याच्या मागे बघा

आता दोन तारा की चार तारा ते बघायचं. एक्स्चेंजपासून तुमच्यापर्यंत येते ती दोन तारांची जोडी, तिला यू इंटरफेस म्हणतात. ती एनटी१ नावाच्या छोट्या डब्यात जाते आणि त्याच्या दुसऱ्या बाजूने चार तारांचा एस/टी इंटरफेस निघतो. उत्तर अमेरिकेत एनटी१ ग्राहकाने स्वतः आणायचा असतो, त्यामुळे तिथे भिंतीतून थेट यू येतो. बाकी बहुतेक देशांत एनटी१ कंपनीच भिंतीवर ठोकून जाते आणि तुमच्या हाती एस/टी येतो.

मोडेमच्या मागे सॉकेटशेजारी बारीक अक्षरात यू किंवा एस/टी लिहिलेलं असतं. यू असेल तर एनटी१ आतच आहे. भिंतीतून यू येतोय आणि मोडेम एस/टीचा आहे, तर मध्ये वेगळा एनटी१ लागणार, तो विकत घ्यायचा. उलटं झालं, म्हणजे भिंतीवर कंपनीचा एनटी१ आणि तुम्ही आणलेला मोडेम यूवाला, तर तो परत करून या, दुसरा इलाज नाही. यूवर एकच उपकरण लागतं, एस/टीवर आठपर्यंत लागतात. एस/टीवर लांब वायर टाकून दोन-चार डबे लावणार असाल तर त्या वायरीच्या टोकाला १०० ओमचे टर्मिनेटर, म्हणजे रेझिस्टर, हवेत. हे लोक हमखास विसरतात आणि मग लाइन कधी चालते कधी नाही असा ताप होतो.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो. एस/टीचं सॉकेट आणि लॅनचं सॉकेट दिसायला अगदी सारखं असतं, तेच आठ पिनचं आरजे-४५. यूची वायर पण बऱ्याचदा तसल्याच सॉकेटमध्ये येते. पण आयएसडीएनच्या तारेवर एक्स्चेंजकडून व्होल्टेज येत असतं, ती चुकून कॉम्प्युटरच्या लॅन पोर्टात खुपसलीत तर पोर्ट जायची भीती. मी वायरीच्या दोन्ही टोकांना लाल चिकटपट्टी गुंडाळतो. आणि साधा फोन लावून लाइन जिवंत आहे का बघायच्या फंदात पडू नका, यूवर डायल टोन नसतोच, उगाच मेलीय असं वाटेल.

आता कंपनीला फोन

इथे तुमचा देश कोणता त्यावर काम किती मोठं ते ठरतं. युरोपात असाल तर सोपं आहे, स्विच टाइप म्हणून युरो-आयएसडीएन निवडायचं, काही डब्यांवर ते डीएसएस१ नावाने असतं, आणि स्पिड वगैरे भानगडच नाही. जर्मनीतल्या फार जुन्या उपकरणांवर १टीआर६ असा पर्याय दिसेल, तो युरो-आयएसडीएनच्या आधीचा आहे, निवडू नका. जपानची लाइन असेल तर आयएनएस६४ निवडा, स्पिड तिथेही नाही. उत्तर अमेरिकेत असाल तर खुर्ची ओढून बसा.

युरोपवाल्यांनी विचारायचं ते एमएसएन. एका लाइनवर अनेक नंबर मिळतात, त्यातला कोणता कुठल्या उपकरणाने उचलायचा ते एमएसएनवरून ठरतं. सगळे नंबर लिहून घ्याच, आणि एक्स्चेंज नंबर एरिया कोडसकट पाठवतं की कोड सोडून, हेही विचारा. देशादेशांत पद्धत वेगळी आहे, आणि मोडेममध्ये भरलेला एमएसएन एक्स्चेंजने पाठवलेल्याशी आकड्याला आकडा जुळला नाही तर बाहेर कॉल लागतात पण आत येत नाहीत. शिवाय लाइन पॉइंट-टू-मल्टिपॉइंट (अनेक उपकरणांसाठी) आहे की पॉइंट-टू-पॉइंट (एकाच उपकरणासाठी) ते विचारा. पीबीएक्ससाठी घेतलेली लाइन दुसऱ्या प्रकारची असते, तिथे टीईआय, म्हणजे डी चॅनेलवरचा उपकरणाचा क्रमांक, सहसा शून्यावर फिक्स असतो आणि पहिल्या प्रकारात ऑटोमॅटिक. तुमच्या मोडेममध्ये टीईआयचा ऑप्शन दिसला तर ह्या उत्तराप्रमाणे ठेवा, नाहीतर हात लावू नका.

आता उत्तर अमेरिका. पहिला प्रश्न स्विच टाइप, आणि सगळ्यात जास्त लोक आपटतात ते इथेच. एक्स्चेंजमधलं मशीन कोणत्या कंपनीचं आहे हे वेगळं आणि त्याच्यावर आयएसडीएनचं कोणतं सॉफ्टवेअर चालतंय हे वेगळं. मशीनं साधारण तीन, ५ईएसएस, डीएमएस-१०० आणि सीमेन्सचं ईडब्ल्यूएसडी. पण ५ईएसएसवर त्यांचं स्वतःचं कस्टम सॉफ्टवेअर असू शकतं किंवा नॅशनल आयएसडीएन म्हणजे एनआय-१ असू शकतं, डीएमएसचं पण तसंच. मोडेमला मशीनशी काही घेणं नाही, त्याला सॉफ्टवेअरचं नाव हवंय.

माझी फजिती ऐका. ऑफिसची लाइन होती, मी फोनवर विचारलं स्विच कोणता, पलीकडचा म्हणाला फाइव्ह-ई आहे, मी खूश, मोडेममध्ये ५ईएसएस निवडलं. एनटी१चा दिवा हिरवा, म्हणजे तारा ठीक, पण मोडेमचे दोन्ही स्पिडचे दिवे लुकलुकत राहिले ते संध्याकाळपर्यंत. वायर बदलली, दुसरा मोडेम आणला, कंपनीकडे तक्रार टाकली, त्यांनी तपासून लाइन ओके म्हणून सांगितलं आणि ती खरंच ओके होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडचा एक जुना टेक्निशियन फोनवर मिळाला, त्याने एकच विचारलं, कस्टम की एनआय-१? मी गप्प. त्यानेच बघून सांगितलं, मशीन ५ईएसएस आहे पण लाइन एनआय-१ वर आहे. ड्रॉपडाउनमध्ये एक ओळ बदलली, मोडेम बंद करून चालू केला, वीस सेकंदात दोन्ही दिवे स्थिर. दीड दिवस गेला होता.

तेव्हा प्रश्न असा विचारा: माझ्या लाइनवर कोणता आयएसडीएन प्रोटोकॉल लावलाय, एनआय-१ की कस्टम, आणि कस्टम असेल तर पॉइंट-टू-पॉइंट की मल्टिपॉइंट. समोरच्याला कळलं नाही तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, शांतपणे म्हणा की मला आयएसडीएन बघणाऱ्या माणसाशी जोडून द्या. बहुतेक ठिकाणी असा एक वेगळा विभाग असतो, नेहमीच्या कस्टमर केअरवरची मुलं-मुली बिचारी बिलाचंच सांगू शकतात.

दुसरा प्रश्न स्पिड. हा तुमचा फोन नंबर नाही, पण दिसतो तसाच, म्हणून लोक फसतात. एक्स्चेंज ह्या आकड्यावरून ओळखतं की लाइनला लागलेलं उपकरण कोणतं आणि त्याला कुठल्या सेवा द्यायच्या. एनआय-१ वर बऱ्याचदा चौदा आकडी असतो, दहा आकडी फोन नंबर आणि त्याच्या मागे ०१०१. ५ईएसएस कस्टमवर पुढे ०१, मग एरिया कोड सोडून सात आकडी नंबर, आणि शेवटी शून्य. डीएमएस-१०० वर दहा आकडी नंबर आणि मागे एक-दोन आकडे, तेही जागोजागी वेगळे. हे तुम्हाला ओळख पटावी म्हणून सांगतोय, ह्यावरून स्वतः स्पिड बनवू नका, कंपनी देईल तोच भरा.

किती स्पिड मिळायला हवेत? एनआय-१ आणि डीएमएसवर साधारण दोन, प्रत्येक बी चॅनेलला एक. ५ईएसएस कस्टम मल्टिपॉइंटवर एक किंवा दोन. कस्टम पॉइंट-टू-पॉइंटवर एकही नाही, आणि तिथे ती जागा रिकामीच सोडायची, फोन नंबर भरून ठेवायचा नाही. स्पिडबरोबर प्रत्येक चॅनेलचा डिरेक्टरी नंबर वेगळा लिहून घ्या, आणि कोणता स्पिड कोणत्या नंबरचा ते पण, कारण दोन्हींची अदलाबदल झाली की मोडेम रजिस्टरच होत नाही.

लिहून घेताना एक पद्धत पाळा. समोरचा आकडे सांगेल ते तुम्ही एकेक करून परत वाचून दाखवा, शून्यासकट, आणि शेवटी म्हणा, म्हणजे एकूण चौदा आकडे, बरोबर? शेवटची शून्यं बोलण्यात गिळली जातात, डबल झिरो म्हटलं की कोणी दोन लिहितं कोणी एक. एकूण आकडे मोजले की ही चूक जागच्या जागी पकडली जाते. आणि मोडेममध्ये भरताना मध्ये डॅश, स्पेस, कंस काही टाकू नका, काही डबे डॅशच्या पुढचं सगळं खाऊन टाकतात आणि स्क्रीनवर मात्र पूर्ण दाखवतात.

काही मोडेममध्ये ऑटो डिटेक्ट असतं, ते स्विच टाइप आणि स्पिड स्वतः शोधायचा प्रयत्न करतं. चालवून बघायला हरकत नाही, पण कंपनीचं उत्तर हातात असू द्या, आणि त्याने जे शोधलं ते त्याच्याशी ताडून बघा.

चॅनेलवर काय काय चालू आहे

हे विचारायचं राहून जातं. दोन्ही बी चॅनेलवर व्हॉइस आणि डेटा दोन्ही चालू आहेत का? कधीकधी एका चॅनेलवर फक्त डेटा आणि दुसऱ्यावर फक्त व्हॉइस असं लावलेलं असतं, मग १२८ केबीपीएसची स्वप्नं बघणाऱ्याला ६४ वरच समाधान मानावं लागतं. मोडेमच्या मागच्या साध्या फोनच्या सॉकेटवर फोन लावणार असाल तर व्हॉइस हवंच. शिवाय दोन्ही चॅनेलवर डेटा चालू असताना कोणाचा फोन आला तर काय व्हावं ते ठरवा. अॅडिशनल कॉल ऑफरिंग नावाची सुविधा लाइनवर असेल आणि मोडेमला ती कळत असेल तर तो डेटाचा एक चॅनेल सोडून फोन वाजवतो. ती नसेल तर फोन करणाऱ्याला बिझी टोन.

बिलाचं पण ह्याच कॉलमध्ये विचारून घ्या. दोन चॅनेल जोडले म्हणजे दोन कॉल, मीटर दोन. डेटा कॉलचा दर व्हॉइसपेक्षा वेगळा आहे का? अमेरिकेत काही ठिकाणी लोकल व्हॉइस कॉल फुकट आणि डेटा कॉलला मिनिटावर पैसे असं होतं, म्हणून हुशार लोक डेटाच व्हॉइस कॉल आहे असं सांगून पाठवायचे, ५६ केबीपीएसवर. दर काही असो, मोडेममध्ये आयडल टाइमआउट, म्हणजे काम नसताना लाइन आपोआप सोडायची सेटिंग, लावल्याशिवाय रात्री झोपू नका. कॉम्प्युटर स्वतःहून काहीतरी विचारायला दर पाच मिनिटांनी लाइन उघडत राहतो आणि आयएसडीएनचा कॉल क्षणात लागतो, कसलीही किरकिर ऐकू येत नाही, त्यामुळे तुम्हाला ते बिल आल्यावरच कळतं.

पलीकडच्या टोकाची माहिती

लाइनचं झालं, पण तुम्ही डायल कोणाला करणार? त्यांचा आयएसडीएनसाठीचा नंबर साध्या मोडेमच्या नंबरपेक्षा वेगळा असू शकतो. ते डेटा सिंक पीपीपी पद्धतीने घेतात की व्ही.१२०ने, मल्टिलिंक म्हणजे दोन चॅनेल जोडू देतात का, पासवर्ड तपासायला पॅप की चॅप, युजरनेम-पासवर्ड काय. आणि वेग ६४ केबीपीएस की ५६. दोन एक्स्चेंजमधल्या जुन्या ट्रंक लाइनवरून कॉल जात असेल तर तिथे सिग्नलिंगसाठी अधूनमधून आठवा बिट चोरला जातो, म्हणून ५६ ठेवावं लागतं. ६४ वर कॉल लागतो पण नुसता कचरा येतो असं झालं तर ५६ करून बघा.

भरा आणि तपासा

आता खोका उघडा. वहीतलं भरा, मोडेम रिस्टार्ट करा आणि दिवे ह्या क्रमाने बघा. आधी एनटी१चा किंवा लाइनचा दिवा स्थिर झाला पाहिजे, तो लुकलुकत असेल तर घोळ तारेत आहे, सेटिंगला हात लावू नका. तो स्थिर पण स्पिडचे दिवे लुकलुकतायत तर स्विच टाइप किंवा स्पिड चुकलाय, वायरी उपटू नका.

सगळे दिवे स्थिर असूनही कॉल लागत नसेल तर लॉगमध्ये कॉज कोड, म्हणजे कॉल का संपला ते सांगणारा आकडा असतो, तो बघा. १ म्हणजे असा नंबरच नाही, डायल चुकलंय. १७ म्हणजे समोरचा बिझी. ३४ म्हणजे मोकळं सर्किट नाही, थोड्या वेळाने बघा. ५७ आला तर तुम्ही मागितलेल्या प्रकारच्या कॉलची तुमच्या लाइनला परवानगी नाही, म्हणजे डेटा चालू केलेला नाही, परत कंपनीला फोन. ८८ म्हणजे पलीकडचं उपकरण ह्या प्रकारचा कॉल घेत नाही, बहुतेक तुम्ही साध्या फोनच्या नंबरला डेटा कॉल लावलाय. १६ दिसला तर घाबरू नका, कॉल रीतसर बंद झाला एवढाच त्याचा अर्थ. काही डबे हे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, दाखवतात, ५७ चं ३९ होतं, तेवढं लक्षात असू द्या.

शेवटची चाचणी मला फार आवडते कारण तिला बाहेरचं कोणी लागत नाही. मोडेमच्या मागे साधा फोन लावा आणि त्यावरून तुमचाच दुसरा डिरेक्टरी नंबर फिरवा. एक बी चॅनेल बाहेर जातो, एक्स्चेंजला वळसा घालून दुसऱ्यावर परत येतो. दुसऱ्या सॉकेटवरचा फोन वाजला की दोन्ही नंबर, दोन्ही स्पिड आणि व्हॉइस सगळं एका दमात तपासून झालं. मोडेमला फोनचं एकच सॉकेट असेल तर निदान येणाऱ्या कॉलचा दिवा नाहीतर लॉगमधली नोंद बघा.

मग वहीतलं ते पान एका छोट्या कागदावर उतरवा, स्विच टाइप, स्पिड, नंबर, टेक्निशियनशी बोललात ती तारीख, आणि एनटी१च्या खालच्या बाजूला चिकटवून टाका. मोडेमवर चिकटवू नका, मोडेम बदलला की तो कागद पण त्याच्याबरोबर जातो.